मुलाची पहिली रायफल: अमेरिकेतले पालक हरणाच्या शिकारीसाठी ती कशी निवडतात?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या अनेक फेसबुक-इन्स्टाग्राम अकाउंट्सवर एकाच प्रकारचा फोटो दिसू लागतो. भडक केशरी जॅकेट घातलेलं दहा-बारा वर्षांचं मूल, हातात रायफल आणि शेजारी शिकार केलेलं हरीण.

मराठी वाचकाला हा फोटो खटकणं साहजिक आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर किंवा काळवीट मारणं हा गुन्हा आहे आणि बंदुकीच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात.

पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत मात्र ही शिकार कायदेशीर आहे आणि बऱ्याच घरांत ती आजोबांकडून नातवाकडे आलेली असते. पेनसिल्व्हेनियात रायफलीचा हंगाम कित्येक दशकं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि अनेक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी द्यायच्या. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो.

अशा घरात मूल शिकारीला निघालं की प्रश्न येतो, त्याच्या हातात कोणती रायफल द्यायची?

हलकी रायफल घेतली की झालं?

मूल लहान, म्हणून रायफल हलकी, असा विचार आधी मनात येतो. गोम इथेच आहे. गोळी पुढे सुटते तेव्हा रायफल मागे खांद्यावर आदळते. तीच गोळी हलक्या रायफलीतून झाडली तर धक्का जास्त बसतो. म्हणजे मुलाला उचलायला सोपी असलेली रायफलच त्याला जास्त झोडपते.

दोन-तीनदा असा धक्का खाल्ला की मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं, खांदा आक्रसतं. ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ लागतो. नेम चुकला तर हरीण जागेवर मरत नाही, जखमी होऊन जंगलात पळतं आणि तडफडत राहतं. जबाबदार शिकाऱ्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

त्यामुळे अनुभवी लोक रायफलीच्या ब्रँडआधी काडतूस ठरवतात. मुलांसाठी सर्वाधिक सुचवलं जाणारं नाव म्हणजे १९५५ साली बाजारात आलेलं .२४३ विंचेस्टर. मोठ्यांच्या .३०-०६ या लोकप्रिय काडतुसाच्या तुलनेत त्याचा धक्का निम्म्याहून कमी असतो, तरी योग्य अंतरावरून हरणासाठी ते पुरेसं ठरतं. ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर हे त्याहून थोडे दणकट पर्याय. मूल मोठं झाल्यावरही ते चालतात.

आणखी लहान .२२३ का नको? धक्का तर नगण्य असतो. पण गोळी इतकी हलकी की नेम थोडा जरी हुकला तरी प्राणी नुसता जखमी होण्याची शक्यता वाढते. नवशिक्याचा नेम हुकणारच, तेव्हा हा सौदा चांगला नाही. कोलोरॅडोत तर हरणासाठी किमान .२४ इंच व्यासाच्या गोळीचा नियम असल्याने .२२३ आपोआप बाद होतं. ओहायोत वेगळाच पेच आहे. तिथे हरणासाठी फक्त सरळ भिंतींची काडतुसं वापरणाऱ्या रायफली चालतात, म्हणून .२४३ घेऊन उपयोग नाही. दुकानात जाण्याआधी राज्याची नियमावली वाचायची ती यासाठी.

कपड्यांसारखं माप

दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साधारण साडेतेरा ते चौदा इंच असतं. मुलाला बारा-साडेबारा इंच पुरतं. दस्ता लांब असेल तर मूल मान ताणून दुर्बिणीत बघतं, डोळा तिच्या फार जवळ जातो आणि धक्का बसताच दुर्बिणीची कड भुवईवर आपटते. काही ‘यूथ’ मॉडेलमध्ये दस्त्यात पट्ट्या घालून तो मुलाच्या उंचीबरोबर वाढवता येतो. दोन वर्षांत आखूड होणाऱ्या शाळेच्या पँटचा अनुभव असलेल्या पालकांना ही सोय लगेच पटते.

मूल उजव्या हाताने लिहीत असलं तरी त्याचा डावा डोळा प्रबळ असू शकतो, तेही आधी तपासतात.

पहिल्या रायफलीसाठी एका वेळी एकच गोळी बसणारी किंवा दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल बरी मानतात. दुसरी गोळी झाडण्याआधी मुलाला थांबावं लागतं आणि शेजारच्या मोठ्या माणसाला बोलायला वेळ मिळतो. काऊबॉय चित्रपटांतल्या लिव्हरच्या रायफली दिसायला झकास. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलचा घोडा अंगठ्याने अलगद खाली आणावा लागतो. थंडीत, हातमोजे घातलेल्या लहान अंगठ्याखालून तो निसटू शकतो.

कायद्याने ही रायफल कोणाची?

१९६८ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार १८ वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू शकत नाही. पालकांनी विकत घेऊन मुलाला भेट देण्यावर मात्र संघीय बंदी नाही. पुढचं राज्यावर अवलंबून. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मोठ्या माणसाच्या देखरेखीखालच्या शिकारीसाठी किमान वयाची अटच काढली. तो माणूस हाताच्या अंतरावर हवा, एवढं बंधन ठेवलं.

किल्ली कोणाकडे?

केंटकी राज्यातल्या कंबरलँड काउंटीत २०१३ मध्ये पाच वर्षांच्या मुलाकडून त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीला गोळी लागली आणि ती दगावली. लहान मुलांसाठीच बनवलेली ती .२२ रायफल त्याला भेट मिळाली होती. ती घराच्या कोपऱ्यात उभी होती आणि आत गोळी शिल्लक आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं. दस्त्याचं माप आणि धक्का सगळं मुलाला साजेसं होतं. कुलूप नव्हतं.

अमेरिकेत २०२० साली १ ते १९ वर्षं वयोगटातल्या मृत्यूंमध्ये बंदुकीने रस्ते अपघातांना मागे टाकलं. त्यात खून आणि आत्महत्याही येतात आणि त्यातल्या सगळ्या बंदुका शिकारीच्या नव्हेत. तरी घरातल्या कोणत्याही बंदुकीबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला एकच आहे: बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून घरात अल्पवयीन असेल तर बंदूक कुलूपबंद ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. ‘मुलाची’ रायफल असली तरी किल्ली मुलाकडे नसते.

तिथे राहणाऱ्या, शिकारीशी काही संबंध नसलेल्या मराठी कुटुंबांनाही हा मुद्दा लागू होतो. मूल वर्गमित्राकडे खेळायला जाणार असेल तर ‘तुमच्याकडे कुत्रा आहे का, मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे’ या बोलण्यातच ‘घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?’ हेही विचारा, असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण शिकार करणाऱ्या घरांत तो अपमान मानला जातोच असं नाही. बरेच जण सरळ तळघरातली तिजोरी दाखवतात.