मुंबई गोदीतील नाविक अभियंते
लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. पुढे गोदीतील मुख्य बांधणीकाराचे पद त्यांच्याच घराण्यात राहिले. सागवानी जहाजे बांधण्याची विद्या बापाकडून मुलाकडे उमेदवारीनेच जाई. वाफेच्या एंजिनापुढे ती अपुरी ठरली. म्हणून घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी १८३८ मध्ये इंग्लंडला जाऊन चॅटमच्या गोदीत शिकले. अर्देशीर करसेटजी (१८०८–७७) यांचा ओढा मात्र मूळचाच यंत्रांकडे. ‘इंडस’ ही लहान आगबोट त्यांनी १८३३ मध्येच बांधली होती. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. त्याच वर्षी मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंतापद त्यांना मिळाले. यूरोपीय कारागिरांनी एतद्देशीयाच्या हाताखाली काम करावे, हे त्या काळी अनेक इंग्रजांना रुचणारे नव्हते. तरीही १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर राहिले.