मेड ऑफ ऑनर : एका हुद्द्याची कुळकथा

इंग्रजी चालीच्या ख्रिस्ती विवाहात वधूच्या पाठीशी जी तरुणी उभी असते, जी ऐन शपथेच्या वेळी वधूचा पुष्पगुच्छ आपल्या हाती घेते, तिच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ सारखा करते आणि विधी आटोपल्यावर बहुधा साक्षीदार म्हणून सहीही करते, तिला अमेरिकेत ‘मेड ऑफ ऑनर’ असे जे भारदस्त नाव आहे, ते मुळात लग्नघरातले नव्हेच. ते राजदरबारातल्या एका पगारी हुद्द्याचे नाव होय. नाव एका कुळातले आणि काम दुसऱ्या कुळातले, आणि या दोहोंची गाठ पडायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

यांपैकी कामाचे कूळ पुरातन आहे. प्राचीन रोममध्ये वधूची सर्व व्यवस्था ‘प्रोन्युबा’ नावाच्या स्त्रीकडे असे. ती कुमारिका नसे. जिचा विवाह एकदाच झाला आहे अशी प्रौढ गृहिणी या कामासाठी निवडीत, आणि वधूवरांचे उजवे हात एकमेकांत देण्याचा मान तिचा असे. वधूच्या सख्यांना वधूसारखीच वस्त्रे नेसवून दुष्ट शक्तींची दिशाभूल करण्याची चाल रोमनांपासून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु रोमन वधूच्या मस्तकावर ज्वालेच्या रंगाचे जे अवगुंठन असे, ते तिला साऱ्या समुदायात वेगळी उठून दिसू देण्यासाठीच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेवर विश्वास ठेवणे मला तरी कठीण वाटते. प्रोन्युबेचे खरे कार्य हातांशी निगडित होते, आणि हे सूत्र पुढे अनेक शतके, निरनिराळ्या रूपांनी, टिकून राहिलेले दिसते.

नावाचे कूळ मात्र सर्वस्वी दरबारी आहे. इंग्लंडच्या राणीच्या खासगीत सरदार-घराण्यांतील अविवाहित मुलींची सेविका म्हणून नेमणूक होई. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी एक वडीलधारी बाई असे आणि राणीच्या मर्जीवाचून त्यांना विवाह करता येत नसे. आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन ही पहिल्या राणीच्या सेवेत होती, तिसरी जेन सीमोर ही त्या ॲनच्याच सेवेत होती. यावरून या हुद्द्यावरच्या मुलींचे दैव कोणत्या वळणाने जाऊ शकत असे याची कल्पना यावी. एलिझाबेथ राणीच्या पदरच्या एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टनने सर वॉल्टर रॅलेशी गुपचूप विवाह केला, तेव्हा 1592 साली नवराबायकोंना लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवास भोगावा लागला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत या सेविकांची संख्या आठ होती आणि त्यांना सालीना तनखा मिळे.

परंतु 10 फेब्रुवारी 1840 रोजी सेंट जेम्स राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात खुद्द व्हिक्टोरियाचा विवाह झाला, तेव्हा तिच्या झग्याचा घोळ उचलून चालण्याचे काम या आठजणींकडे सोपविलेले नव्हते. त्यासाठी सरदारांच्या बारा अविवाहित मुली निराळ्या निवडल्या होत्या. त्यांच्या शुभ्र पोशाखाचे रेखाचित्र राणीने स्वतः काढले होते, आणि प्रत्येकीला पिरोजा जडविलेला गरुडाच्या आकाराचा अलंकार भेट मिळाला. घोळ मात्र बाराजणींच्या मानाने आखूड पडला, आणि त्या एकमेकींच्या टाचांना अडखळत कशाबशा चालल्या, असे त्यांच्यापैकीच एकीने लिहून ठेवले आहे. या विवाहाने शुभ्र झगा, लेस आणि लांब घोळ यांना जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे सामान्य घरच्या वधूलाही सोबतिणीची निकड पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली असावी. कारण असा पोशाख घालून एकटीने धड वळताही येत नाही.

त्यातच हातमोज्यांची भर पडली. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातील विधीप्रमाणे वराने वधूच्या डाव्या हाताच्या अनामिकेत अंगठी घालायची, आणि वधूच्या हातांत तर मोजे आणि पुष्पगुच्छ. तेव्हा मुख्य सखीने तो गुच्छ आणि काढलेला मोजा नेमक्या क्षणी, न घाईने न विलंबाने, आपल्या हाती घ्यायचा, असा शिरस्ता पडला. बाह्यतः हे काम क्षुल्लक दिसते. परंतु आयुष्याचा करार ज्या हाताने करावयाचा, तो हात मोकळा करून देणे हीच या सखीच्या सेवेची मूळ कल्पना आहे, आणि तिच्याकडे आलेली इतर सारी कामे याच एका कामाचा विस्तार आहेत, असे माझे मत आहे.

दुसरे महत्त्वाचे काम कायद्याने निर्माण केले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात पैसे घेऊन वाटेल त्याचे, वाटेल तेव्हा लग्न लावून देणारे पाद्री बसलेले असत, आणि त्यांतून फसवणुकीची असंख्य प्रकरणे उद्भवत. 1753 च्या विवाहविषयक कायद्याने या प्रकारास आळा घातला: चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा रीतसर परवाना, पाद्र्याखेरीज किमान दोन विश्वसनीय साक्षीदार, आणि सर्वांच्या सह्यांनिशी दप्तरात नोंद. वधूच्या निकट उभी असलेली सखी या साक्षीस साहजिकच योग्य होती. तिने सारे डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले असे.

पुढे अमेरिकेत वधूच्या अनेक सख्यांमधील प्रमुख सखीस दरबारी हुद्द्याचे नाव मिळाले, आणि ती विवाहित असेल तर तिला ‘मेट्रन ऑफ ऑनर’ म्हणू लागले. ज्या देशाने राजा नाकारला, त्याने राणीच्या सेविकेचे बिरुद मैत्रिणीला द्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. त्या एका दिवशी वधूचा मान राणीचाच असतो.

आज ही सखी सुईदोरा आणि टाचण्या जवळ बाळगते, वधूच्या पोटात दोन घास गेले की नाही हे पाहते, चौकशा करणाऱ्यांना परस्पर उत्तरे देते, आणि विधीनंतर झग्याचा घोळ वर उचलून बांधते, म्हणजे वधूला नाचता यावे. गोव्यातील ख्रिस्ती विवाहात हीच भूमिका ‘धेडी’ पार पाडते. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1872 च्या कायद्यातही दोन विश्वसनीय साक्षीदारांची अट आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात ती संख्या तीन आहे, धर्माची अट मात्र नाही. तेव्हा नोंदणी-कचेरीत विवाह करणाऱ्या मराठी मुलीच्या मैत्रिणीलाही हे काम कायदेशीरपणे करता येते. तिने ओळखपत्र आठवणीने घ्यावे आणि नेमलेल्या वेळेआधी पोहोचावे, कारण तीन साक्षीदार हजर असल्याखेरीज अधिकाऱ्याला विवाह लावता येत नाही.