‘आरामदायी’ गाडी म्हणजे नक्की काय? तुलनेच्या तक्त्यामागचा इतिहास

आपल्याकडे कुणी नवी मोटरसायकल घेतली की बघायला आलेला माणूस आधी विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न साधा आहे. पण शंभर वर्षांनी एखाद्या इतिहासकाराला हा प्रश्न कुठे लिहिलेला सापडला, तर त्याला गाडीपेक्षा आपल्याबद्दल जास्त कळेल: पेट्रोल किती महाग वाटत होतं, गाडी हौसेची होती की रोजच्या कामाची, घरात अशा किती गाड्या असायच्या. तुलना करताना माणूस कोणता प्रश्न आधी विचारतो, हा स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा असतो.

आजचा लेख अशाच एका पुराव्याबद्दल आहे. मासिकांमध्ये गाड्यांची तुलना करणारे तक्ते येतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. आराम, सुविधा, किंमत असे रकाने, प्रत्येकात गुण आणि शेवटी बेरीज. तंत्रज्ञानाचा किंवा उपभोगाचा इतिहास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हे तक्ते म्हणजे घबाड वाटतं. तीस वर्षांचे अंक मिळवायचे, गुण एक्सेलमध्ये भरायचे, आलेख काढायचा आणि "आराम कसा वाढत गेला" हे दाखवायचं. सिनॉप्सिस छान दिसतो. अडचण अशी की हा आलेख बहुधा खोटा निघतो आणि ते लक्षात येईपर्यंत पीएचडीची दोन वर्षं गेलेली असतात. खोटा का, ते स्पोर्ट टूरिंग मोटरसायकलींच्या उदाहरणातून बघू.

आधी शब्द, मग वस्तू

स्पोर्ट टूरिंग म्हणजे लांबचा पल्ला वेगात, वळणांची मजा घेत आणि तरीही फार न थकता गाठता यावा अशी मोटरसायकल. वाऱ्यापासून वाचवणारं फेअरिंग, मोठी टाकी, सामानाचे साइड बॉक्स आणि जोरदार इंजिन.

या गोष्टी सुट्या सुट्या बघितल्या तर जुन्याच आहेत. ब्रिटनच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५४-५५ मध्ये ‘सीरिज डी’च्या काही गाड्या जवळजवळ पूर्ण झाकलेल्या, फेअरिंगसकट काढल्या होत्या. १९५८ ची एरियल लीडर तर फक्त २४७ सीसीची. पण तिचं इंजिन झाकलेलं होतं, पुढे काच होती आणि साइड बॉक्ससारख्या कितीतरी गोष्टी जास्तीचे पैसे देऊन घेता येत होत्या.

मग एरियल लीडरला "पहिली स्पोर्ट टूरर" म्हणायचं का? मोह होतो. पण १९५८ च्या गिऱ्हाइकाच्या मनात हा वर्गच नव्हता. तो तिची तुलना स्कूटरशी करत असेल, लहान कारशी करत असेल किंवा बसच्या भाड्याशी. नंतर तयार झालेलं लेबल आधीच्या वस्तूला चिकटवणं म्हणजे कालविपर्यास. व्हायवामध्ये पहिला बाण इथेच लागतो.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९७५ च्या सुमारास बाजारात आलेली होंडाची गोल्ड विंग कारखान्यातून उघडीच यायची. ना फेअरिंग, ना बॉक्स. लांब जाणारे लोक क्रेग व्हेटरच्या ‘विंडजॅमर’सारखं फेअरिंग वेगळं विकत घेऊन बसवत. आता सांगा, १९७६ मध्ये या गाडीचा "आराम" मोजायचा तर फेअरिंग धरून की सोडून? आणि किंमत? म्हणजे तक्त्यात गाडी घालण्याआधी गाडी कुठे संपते हेच ठरवावं लागतं.

हा प्रश्न एका बाजूने सोडवला बीएमडब्ल्यूच्या आर१००आरएसने, १९७६ मध्ये. हान्स मुथ यांनी आकार दिलेलं, इटलीतल्या पिनिनफरीनाच्या पवनबोगद्यात तपासलेलं पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच बसवून यायला लागलं. चौकटीला घट्ट जोडलेलं, हँडलबरोबर न फिरणारं. आता वाऱ्यापासूनचं संरक्षण हा गाडीचाच भाग झाला. त्यामुळे एका कंपनीची अख्खी गाडी दुसऱ्या कंपनीच्या अख्ख्या गाडीशी ताडून बघणं सोपं झालं.

एकच फेअरिंग, दोन रस्ते

समजा हीच गाडी दोन देशांत दोन परीक्षकांना दिली.

अमेरिकेत तेलसंकटानंतर १९७४ पासून महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली होती, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. जर्मनीत ऑटोबानवर सरसकट मर्यादा नव्हती. १९७८ पासून ताशी १३० किलोमीटरची शिफारस होती, पण ती शिफारसच.

आता शरीरशास्त्र बघा. पुढे झुकून बसायची पद्धत असेल तर वेग वाढल्यावर समोरचा वारा छातीला थोडा टेका देतो आणि मनगटांवरचा भार कमी होतो. हळू चालवताना तो टेका नसतो, सगळं वजन तळहातांवर येतं. मोठ्या फेअरिंगचंही तसंच. ताशी १६० ला मानेला वाचवणारं फेअरिंग उन्हाळ्यात ताशी ८० ला इंजिनाची गरमी अंगाशी कोंडू शकतं. एका परीक्षकाने "उत्तम" लिहिलं आणि दुसऱ्याने "त्रासदायक", तर दोघंही खरं बोलत असू शकतात. फरक गाडीत नाही, रस्त्यावर आणि कायद्यात आहे. गुणांचा आकडा उतरवून घेताना तो कोणत्या रस्त्यावर मिळाला हे सोबत उतरवलं नाही, तर आकड्याला अर्थ राहत नाही.

शंभर अश्वशक्तीचं कोडं

इथे एक गृहीतक मांडून बघू, म्हणजे गृहीतक कसं तपासायचं तेही दिसेल.

१९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मन बाजारासाठी मोटरसायकल कंपन्यांनी एक ऐच्छिक मर्यादा मान्य केली: १०० अश्वशक्तीच्या वर जायचं नाही. ती जवळजवळ दोन दशकं टिकली. या काळातल्या गाड्या बघा. १९८३ च्या सुमाराची बीएमडब्ल्यू के१००आरएस ९० अश्वशक्तीची, तिची पुढची सोळा व्हॉल्व्हची आवृत्ती १०० ची. १९९० ची होंडा एसटी११००, म्हणजे युरोपातली ‘पॅन युरोपियन’, हीसुद्धा १०० ची. १९९७ च्या के१२००आरएसमध्ये बीएमडब्ल्यूने १३० ची मजल मारली आणि ते वळण संपलं.

गृहीतक असं: शक्तीचा रकाना सगळ्यांचा सारखाच झाला, म्हणून स्पर्धा बाकीच्या रकान्यांत सरकली. पुरावा बाजूने आहे असं वाटतं. होंडाने एसटी११०० मध्ये २८ लिटरची टाकी, साखळीची कटकट नसलेला शाफ्ट ड्राइव्ह आणि काढता येणारे साइड बॉक्स दिले. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० वर एबीएस आणलं, जे उत्पादनातल्या मोटरसायकलवर पहिल्यांदाच आलं. सगळं कसं जुळतंय!

जुळतंय म्हणूनच थांबायचं आणि विरोधी उदाहरण शोधायचं. १९८६ ची कावासाकी १०००जीटीआर, अमेरिकेतलं नाव कॉनकोर्स. शाफ्ट ड्राइव्ह, २८ लिटरच्या वरची टाकी, साइड बॉक्स, फेअरिंग, सगळं तिच्यात होतं. अमेरिकेत शंभर अश्वशक्तीचा करार नव्हता, तरी ती तिथे विकली गेली आणि टिकली. म्हणजे करार हे एकमेव कारण म्हणता येत नाही. फार तर असं म्हणता येईल की करारामुळे जर्मनीत आरामाच्या रकान्याला वजन आलं. आरामाची मागणी मात्र इतर कारणांनीही तयार होत होती. उदाहरणार्थ, पैसे हातात आलेला, वय वाढलेला आणि मोटरसायकल न सोडलेला चालक. गृहीतक मोडलं नाही, आकसलं. प्रबंधात आकसलेलं पण टिकणारं गृहीतक चालतं. फुगलेलं पहिल्याच टाचणीला फुटतं.

न बदललेली गाडी

कॉनकोर्सचा आणखी एक उपयोग आहे. मोजके बदल सोडले तर ती २००६ पर्यंत जवळपास तशीच विकली गेली, तीही कार्ब्युरेटरसह. दरम्यान २००१ मध्ये यामाहाची एफजेआर१३०० आली: फ्युएल इंजेक्शन आणि बटण दाबून वरखाली होणारी काच. पाठोपाठ २००२ मध्ये होंडा एसटी१३००.

१९८६ मध्ये कॉनकोर्सकडे बघून "सगळ्या सुविधा आहेत" म्हणता येत होतं. २००४ मध्ये त्याच गाडीच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट उरली ती किंमत. गाडी जागेवर होती, फूटपट्टी सरकली. संशोधनाच्या दृष्टीने हे सोन्यासारखं आहे. वस्तू स्थिर असताना तिच्याबद्दलचं मत बदललं, तर तो बदल निकषांचाच असतो. तुमच्या विषयात अशी न बदललेली वस्तू शोधा. पन्नास वर्षं तीच रचना असलेलं शिलाई मशीन चालेल, तोच अभ्यासक्रम चालेल, तोच अर्जाचा नमुनाही चालेल.

किंमत कुणी ठरवली?

"पैसा वसूल" हा रकाना सगळ्यात निष्पाप वाटतो. भागाकारच तर आहे! पण १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवर पहिल्या वर्षी ४५ टक्के जादा कर लावला; पुढे तो दरवर्षी कमी होत जाणार होता. हेतू हार्ले-डेव्हिडसनला सावरायचा. परिणाम काय झाला? जपानी कंपन्यांनी ७५० सीसीची इंजिनं अमेरिकेसाठी ७०० सीसीच्या आत आणली. पश्चिम जर्मनीला ठरावीक संख्येपर्यंत सवलत होती, म्हणून बीएमडब्ल्यूला तेवढी झळ बसली नाही. आणि ओहायोतल्या कारखान्यात तयार होणाऱ्या गोल्ड विंगला पूर्ण तयार आयात गाडीसारखा कर लागत नव्हता. १९८७ मध्ये हार्लेनेच कर मुदतीआधी काढायला सांगितलं.

म्हणजे १९८४ च्या अमेरिकन तक्त्यातला "किंमत" रकाना हा अर्धा अभियांत्रिकीचा आणि अर्धा व्यापारधोरणाचा दस्तऐवज आहे. त्याची जर्मनीतल्या त्याच वर्षीच्या रकान्याशी बेरीज करता येत नाही. तुलना करता येते, पण मग विषय मोटरसायकल राहत नाही, जकात होते.

आराम कुणाच्या शरीराचा?

शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा: सीटवर कोण बसलं होतं? परीक्षक सहा फुटी पुरुष असेल तर त्याला बेताची वाटणारी सीट पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईला सिग्नलवर पाय टेकू देणार नाही. १९९३ च्या बीएमडब्ल्यू आर११००आरएसची सीट तीन उंचींवर लावता येत होती. कंपनीने इथे एक गोष्ट मान्य केली: चालकाचं एकच प्रमाण शरीर नसतं.

आणि डबलसीट? लांबच्या प्रवासाची गाडी बहुधा दोघांची असते, पण मागे बसणाऱ्याचं मत तक्त्यात आहे का ते मुद्दाम शोधावं लागतं. आपल्याकडे मागच्या सीटचा पुरावा कायद्यात सापडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाला आवरण सांगितलं आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. मासिकाच्या तक्त्यात न दिसणारी बाई नियमांच्या पुस्तकात भेटते. एका स्रोताची गप्प जागा दुसऱ्या स्रोताने भरायची ती अशी.

तुमच्या कामासाठी

जुना तुलनातक्ता हातात आला तर गुण उतरवण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा:

१. हा वर्ग तेव्हा अस्तित्वात होता, की आपण आज तो लादतोय?
२. वस्तूची हद्द कुठे धरली आहे? जोडलेल्या गोष्टी आत की बाहेर?
३. चाचणी कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या कायद्याखाली झाली?
४. किमतीत कर, सवलत, आयात यांचा वाटा किती?
५. कुणाच्या शरीराने मोजलं आणि कुणाला विचारलंच नाही?

उत्तरं मिळाल्यावर एक्सेल जरूर उघडा. फक्त आकड्यांच्या शेजारी या पाच उत्तरांचे रकानेही काढा. आलेख गुणांचा काढायचा की या रकान्यांचा, ते त्यानंतर ठरवा. माझ्या मते खरा प्रबंध बऱ्याचदा दुसऱ्या आलेखात सापडतो.