ती जिंकली आणि मग नियम आला

आमच्या कळवण तालुक्यात सप्तशृंगी गड आहे. गडावरच्या देवीला अठरा हात आणि त्या हातांत तलवारीसकट नाना शस्त्रे. चैत्रात लांबलांबून माणसे पायी येऊन त्या शस्त्रांपुढे डोके टेकतात. पण गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला आणि एखाद्या पोरीने पोराबरोबर जोड मागितली, की याच भाविकांना संस्कृती आठवते. दगडाच्या बाईच्या हातात शस्त्र चालते, हाडामांसाच्या बाईने नुसता शड्डू ठोकलेला चालत नाही.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. स्त्री-पुरुष समान आहेत म्हणता, मग खेळात महिलांचा वेगळा गट कशाला? एकत्रच लढू द्या की. हा प्रश्न विचारणाऱ्याची ओळख आपल्याला नवी नाही. ‘सगळे समान तर आरक्षण कशाला’ म्हणणारा हाच. त्याला उत्तर भाषणातून देण्यापेक्षा इतिहासातून दिलेले बरे.

तलवारबाजी हा खेळ घ्या. इथे नुसत्या ताकदीवर भागत नाही. नजर, पायांची हालचाल, अंतराचा अंदाज आणि क्षणाचा हिशेब लागतो. जर्मनीची हेलेन मायर या खेळातली अव्वल खेळाडू. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्या ऑफेनबाखच्या क्लबने तिला घडवले त्यानेच तिचे नाव कापले. कारण एकच, बाप ज्यू. हात तोच, तलवार तीच, फक्त रक्त ‘अशुद्ध’ निघाले. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जगाच्या दबावापोटी तिला खेळवले आणि तिने रौप्य आणले. (पदक घेताना तिने नाझी सलाम केला, हेही लिहिले पाहिजे. आपली बाजू मांडताना गैरसोयीचे तेवढे गाळणे ही दुसऱ्यांची पद्धत.)

पुढे ती अमेरिकेतच राहिली. १९३८ साली तिने पुरुष तलवारबाजांना लढतीत हरवले. मग तिथल्या तलवारबाजी संघटनेने काय केले? स्त्री-पुरुष सामन्यांवर बंदी घातली. सांगितलेले कारण असे, की समोर बाई असली म्हणजे सभ्य पुरुषाला आपला पूर्ण जोर लावता येत नाही! ती हरत होती तोवर सभ्यतेला बाधा नव्हती. ती जिंकली आणि मग नियम आला.

एकलव्याची गोष्ट आपण कशी वाचतो? अंगठा मागितला गेला तो त्याला धनुष्य येत नव्हते म्हणून नव्हे, अर्जुनापेक्षा चांगले येत होते म्हणून.

आता आपल्या मातीतले उदाहरण. हमीदा बानू ही मिर्झापूरकडची, पहिलवानांच्या घरातली मुस्लिम बाई. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिले, की जो पुरुष मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पटियाळा आणि कलकत्त्याचे पहिलवान तिने पाडले. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. कोल्हापुरात शोभा सिंग पंजाबी नावाच्या पहिलवानाला हरवले, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या गावात, शाहू महाराजांनी नावारूपाला आणलेल्या आखाड्यांच्या नगरीत हे झाले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती तर स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्दच झाली.

तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले, की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. कुस्त्या भरवणारे तिच्यासमोर नकली पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. असतीलही. सगळ्या कुस्त्या खऱ्या होत्या असा दावा मीही करत नाही. पण नूरा कुस्ती हा शब्द काही बायकांच्या कुस्तीतून आलेला नाही. पुरुषांच्या फडात नूरा झाली तर लोक ठेकेदाराला शिव्या देतात. बाईच्या फडात शंका आली तर बाईलाच आखाड्याबाहेर काढतात.

शस्त्र कोणी धरायचे हा प्रश्न बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडला आहे. खालच्या वर्गांनी या देशात बंड का केले नाही? कारण चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्रही धरू दिले नाही आणि शिकूही दिले नाही. म्हणूनच पुण्यातली लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम मोठी ठरते. मांग समाजातल्या वस्तादाकडून जोतीराव दांडपट्टा आणि लाठी शिकले. तिथे कोण कोणाच्या वर हे जन्मावरून नाही, हातावरून ठरत होते.

मग महिलांचा वेगळा गट हवा की नको? हवा. वेगळेपण दोन तऱ्हेचे असते. गावकुसाबाहेरची वस्तीही वेगळी आणि राखीव जागाही वेगळी. एक आत येऊ नये म्हणून, दुसरी आत येता यावे म्हणून. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सेबर तलवारबाजी १८९६ पासून आहे. बायकांना १९२४ साली फॉइल मिळाले, एपी १९९६ ला आणि सेबर थेट २००४ ला. तो गट उघडला म्हणून चेन्नईची भवानी देवी टोकियोपर्यंत पोचली. सुरुवातीला तिने बांबूच्या काठ्यांवर सराव केला होता. ऑलिंपिक तलवारबाजीत उतरलेली ती पहिली भारतीय, आणि पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली. हा गट म्हणजे राखीव जागा. १९३८ ची बंदी आणि पुण्यातली रद्द कुस्ती ही गावकूस. दोन्हींना ‘वेगळे’ हा एकच शब्द लावून कोणी वाद घालू लागला, तर त्याला आधी हे विचारा: नियम तिच्या येण्याआधी झाला की तिच्या जिंकण्यानंतर?

हमीदा बानूला युरोपात जाऊन लढायचे होते. घरच्यांच्या आठवणीनुसार तिला जाऊ नये म्हणून तिचा उस्ताद सलाम पहिलवान याने मारून तिचे हात मोडले. पुढे ती कल्याणला राहिली. तिथे दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या, पैसे नसले की रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली ती गेली. ४ मे २०२४ रोजी गुगलने मुखपृष्ठावर तिचे चित्र लावले, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी तिचे नाव पहिल्यांदा वाचले. मीही त्यातलाच.