बुद्धिबळ सर्व्हर, मुक्त

दूर अंतरावरच्या दोन खेळाडूंची गाठ घालून देणारी, त्यांची घड्याळे सांभाळणारी, निकाल नोंदवून मानांकन काढणारी आणि देणग्या व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारी विनामूल्य यंत्रणा. या नोंदीत मुख्यतः लीचेस या सर्व्हरचा आणि त्याच्या आकडेवारीचा विचार केला असून चंद्रपूर व गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांतून खेळणाऱ्याला ती कशी लागू पडते, हे पाहिले आहे.

इतिहास : पहिला इंटरनेट चेस सर्व्हर १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. चाली टंकाव्या लागत आणि पटही अक्षरांनीच पडद्यावर उमटे. १९९५ मध्ये त्याला शुल्क लागू झाले. घडवणाऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्री इंटरनेट चेस सर्व्हर उभा राहिला. शुल्काच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंची मते आजही वेगळी आहेत. २०१० मध्ये फ्रेंच प्रोग्रामर तिबो द्यूप्लेसी यांनी लीचेस सुरू केले. फ्रान्समधील ना-नफा संस्था ते चालवते. जाहिराती नाहीत, सशुल्क सभासदत्व नाही. ‘लीला’ हे त्याच्या आज्ञावलीचे नाव स्काला या संगणकभाषेवरून आले असले, तरी मराठी कानाला ओळखीचे वाटते. ही आज्ञावली खुली असून कोणालाही उतरवून घेता येते. डावांच्या विश्लेषणाचे जड काम जगभरातील स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर ‘फिशनेट’द्वारे करून देतात. विश्लेषण करणारे स्टॉकफिश हे इंजिनही मुक्तच आहे.

सुगम्यता : दृष्टिहीन खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात मोहरा रोवायला छिद्र असते आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणी असते. चाल मोठ्याने सांगायची, तीही ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे देऊन. भारतात या खेळाच्या संघटनेत मुंबईचे चारुदत्त जाधव यांचा वाटा मोठा आहे. दृष्टिहीनांसाठीच्या ‘टॉक६४’ या बुद्धिबळ सॉफ्टवेअरशीही त्यांचे नाव निगडित आहे.

लीचेसवर दृष्टिहीनांसाठी वेगळी पद्धत आहे. ती सुरू केली की पट मजकुराच्या रूपात येतो आणि एनव्हीडीएसारखा विनामूल्य स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. चाल टंकायची, ‘सी’ दाबून घड्याळ ऐकायचे, ‘एल’ने शेवटची चाल, ‘पी’पुढे मोहऱ्याचे अक्षर देऊन तो कुठे उभा आहे हे विचारायचे. समोरचा डोळस आहे की नाही, हे दोघांपैकी कोणालाही कळण्याचे कारण नाही, मानांकनही एकच. दृष्टिहीनांसाठी वेगळी यादी न करता सर्वांना एकाच पटावर बसवणे, ही या सर्व्हरची सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल. मराठीतून वापरण्याची सोयही स्वयंसेवकांच्या भाषांतरामुळे झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध विद्यालय आहे. अशा शाळेला यासाठी साधा संगणक, कळफलक व बेताचे इंटरनेट एवढेच पुरते, कारण एका चालीचा मजकूर काही अक्षरांचा असतो.

मानांकन : जागतिक बुद्धिबळ महासंघ (फिडे) १९७० पासून आर्पाद एलो यांची पद्धत वापरतो. लीचेसची पद्धत मार्क ग्लिकमन यांची, ग्लिको–२. नवा खेळाडू १५०० वर सुरू होतो. गुणांसोबत ‘विचलन’ नावाचा दुसरा आकडा असतो. तो या गुणांवर किती विसंबावे हे सांगतो. खेळत राहिले की तो घटतो, खेळ थांबला की वाढतो. तो ११० च्या वर गेला की गुणांपुढे प्रश्नचिन्ह लागते. नियमित खेळाडूचे विचलन ६० धरले, तर वर्षभराच्या खंडानंतर ते ११० च्या आसपास पोहोचते. नेहमीच्या बुद्धिबळाच्या क्रमवारीत राहण्यासाठी मात्र ते ७५ च्या आत लागते, म्हणजे क्रमवारीबाहेर जायला तीन महिन्यांचा खंडही पुरेसा होतो. गुणांचा आठवड्याचा आलेखही त्या आठवड्यात खेळलेल्यांचाच असतो. लीचेसचे गुण फिडेच्या गुणांहून सहसा जास्त भरतात. किती, याचे सर्वमान्य सूत्र नाही.

डावांची नोंद : जानेवारी २०१३ पासूनचे सर्व मानांकित डाव महिनावार फाईलींत कोणालाही विनाअट मिळतात. पहिल्या महिन्यात १,२१,३३२ डाव होते. अलीकडे एका महिन्यात ९ कोटींच्या आसपास असतात. प्रत्येक डावासोबत दोघांचे गुण, सुरुवातीचा प्रकार, वेळेची मर्यादा व शेवट कसा झाला हे दिलेले असते; एप्रिल २०१७ पासून प्रत्येक चालीपाशी घड्याळही. बुद्धिबळाच्या अभ्यासकाला इतका मोठा खुला साठा पूर्वी कधी मिळाला नव्हता.

यातील शेवटाचा रकाना काळजीपूर्वक वाचायला हवा. मात, शरणागती व बरोबरी हे ‘सामान्य’ शेवट. विचारात वेळ संपला काय किंवा नेटवर्क गेल्यामुळे खेळाडू पटावरून नाहीसा झाला काय, दोन्हींची नोंद ‘वेळेअभावी हार’ अशीच होते. मोबाइलचा मनोरा बंद पडल्याचे फाईल सांगत नाही.

संपर्क तुटून डाव जाण्याचा हा प्रश्न सर्वोच्च पातळीवरही आला. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या भारत–रशिया अंतिम सामन्यात (तो दुसऱ्या सर्व्हरवर झाला) इंटरनेटमधील जागतिक बिघाडात निहाल सरिन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व दोघांचेही डाव वेळेअभावी गेले. भारताने दाद मागितल्यावर फिडेने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला होता. त्यांचे अपील फेटाळले गेल्यावर तो संघ बाहेर पडला. दोन निर्णयांत सुसंगती होती का, याविषयी एकमत नाही. दिव्या त्या वेळी १४ वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

चंद्रपूर व गडचिरोली : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी डाव गेला, तर दाद मागायला तिथल्या खेळाडूमागे संघ नसतो. त्याचे गुण तेवढे उतरतात. सर्व्हर प्रोफाइलवर देशाचा झेंडा दाखवतो, तोही खेळाडूने स्वतः निवडलेला. जिल्हावार आकडे त्यामुळे निघत नाहीत. आपल्या खेळाडूंचा ‘संघ’ लीचेसवर नोंदवून तालुक्याला किंवा शाळेला स्वतःची यादी ठेवता येते. तुटक नेटवर्कवर तीन मिनिटांच्या ब्लिट्झपेक्षा पत्री बुद्धिबळ बरे. त्यात एका चालीला १ ते १४ दिवस मिळतात, आणि एटापल्लीच्या बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर केलेली चालही वेळेतच धरली जाते.

कायदा : २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची बंदी पैसे लावून खेळण्यावर आहे; लीचेसवर पैसे लावले जात नाहीत, म्हणून ती त्याला लागू होत नाही.