रोमन नाण्यावरील चेहरा

हिरवें पडलेलें, झिजलेलें एखादें रोमन नाणें हातीं आलें, म्हणजे पहिली जिज्ञासा होते ती त्यावरील चेहरा कोणाचा याची. आणि पहिली चूकही बहुधा येथेंच होते. समजा, एका बाजूस सेनापति अग्रिप्पाचें मस्तक आहे व मागील बाजूस त्रिशूळधारी समुद्रदेव नेप्च्यून उभा आहे. अग्रिप्पा वारला इ. स. पूर्वी १२ मध्यें; नाणें मात्र त्याचा नातू कालिगुला याच्या कारकीर्दींतलें, म्हणजे इ. स. ३७ ते ४१ मधलें. या चेहऱ्यावरून एखाद्या भिंतीचा काळ ठरविणारा उत्खननकार ती भिंत जवळजवळ पन्नास वर्षांनीं जुनी करून ठेवील. पुढें तें नाणें कित्येक वर्षें लोकांच्या कनवटीला फिरलें असेल, तें निराळेंच!

म्हणून आधीं धातु पाहावा. ज्यांना आपण सरसकट ब्राँझचीं म्हणतों, तीं पहिल्या दोन शतकांतील नाणीं खरें पाहतां पितळेचीं किंवा तांब्याचीं असत. सेस्टर्शियस पितळेचें, वजनानें सुमारें २५ ग्रॅम. दुपाँडियसही पितळेचेंच, पण त्याच्या निम्म्या वजनाचें. आणि आस हें तांब्याचें. शेवटचीं दोन आकारानें इतकीं सारखीं कीं, मळानें रंग झांकला म्हणजे ओळख पटत नाहीं. तेथें नीरोच्या काळापासून रूढ झालेली एक खूण कामास येते. दुपाँडियसवरील सम्राटाला बहुधा सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असतो. आसवर तो नसतो. सम्राज्ञींच्या नाण्यांना ही सोय नाहीं. पण रंग पाहण्यासाठीं म्हणून घरच्या घंगाळाप्रमाणें नाणें चिंचेनें घासूं नये. त्या हिरव्या कवचांतच पुष्कळदां अक्षरें शिल्लक असतात, आणि अक्षर गेलें कीं तारीख गेली. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर तिसऱ्या कॉन्सलपदाचा आंकडा वाचतां आला, तर तें नाणें इ. स. ७१ मध्यें पाडलें असें निश्चित सांगतां येतें. केवढा आधार हा!

चौथ्या शतकांत मात्र चेहरे एकाच सांच्यांतून काढल्यासारखे दिसूं लागतात, आणि नांवें तर कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस, कॉन्स्टन्स अशीं. अशा वेळीं नाणें सरळ उलटावें. दोन सैनिक समोरासमोर उभे असून त्यांच्यामध्यें सैन्याचीं दोन निशाणें असलीं, तर नाणें सुमारें ३३० ते ३३५ मधलें. एकच निशाण असलें, तर त्यानंतरचें. सम्राटाचें नांव पार पुसलें गेलें तरी काळ हातीं लागतो. सैनिकांच्या पायाखालील अक्षरें टांकसाळीचीं असतात. उदाहरणार्थ अँटिऑक, अलेक्झांड्रिया.

ही निशाणें मोजण्याशीं आपलाही संबंध आहे. तमिळनाडूंत करूर व मदुराईकडे, तसेंच श्रीलंकेंत सांपडणारीं रोमन ब्राँझ नाणीं बहुतांशीं चौथ्या-पांचव्या शतकांतलीं, कांहीं तर नखाएवढीं आहेत. ऑगस्टस व टायबेरियस यांचें रुपें या देशांत येऊन तोंपर्यंत तीनशें वर्षें लोटलीं होतीं. त्या काळींही समुद्रापलीकडचें नाणें येथवर पोंचत होतें, याची साक्ष हे झिजलेले तुकडेच देतात.