भाकीत आणि इशारा

भाव कोसळतील या हिशेबाने सौदा करणाऱ्याला आपल्या शेअरबाजारात मंदीवाला म्हणतात. अ‍ॅडम मॅके यांच्या ‘द बिग शॉर्ट’ (२०१५) या चित्रपटाचे नायक असे मंदीवाले आहेत. मायकेल लुईस यांच्या २०१० सालच्या पुस्तकावर तो आधारलेला असून त्याच्या रूपांतरित पटकथेला ऑस्कर मिळाले. २००८ च्या अरिष्टाचा हा लोकप्रिय इतिहास नेमका कोणाचा आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

अरिष्टाचे मूळ अमेरिकेतील गृहकर्जांत होते. कर्ज देणारा ते कर्ज स्वतःकडे ठेवत नसे. हजारो कर्जांची मोट बांधून त्यावर रोखे निघत. त्यांतील हलक्या प्रतीच्या रोख्यांची पुन्हा मोट बांधली जाई आणि पतमानांकन संस्था तिच्या बऱ्याच मोठ्या भागाला सर्वोच्च दर्जा देत. चित्रपटात अँथनी बोर्डेन हा शेफ न खपलेल्या माशांचा रस्सा करून ही किमया समजावतो. मायकेल बरी याने मात्र कर्जांचे तपशील वाचले आणि २००५ पासून, रोखे बुडाल्यास भरपाई देणारे विमासदृश करार विकत घेतले. असा करार करण्यासाठी मूळ रोखा जवळ असावा लागत नसे. दुसऱ्याच्या घराचा आगीचा विमा आपण उतरवावा, तसा हा प्रकार.

इतिहासकथन म्हणून चित्रपट एका बाबतीत प्रामाणिक आहे. एखादा प्रसंग प्रत्यक्षात असा घडला नव्हता, हे पात्रच कॅमेऱ्याकडे वळून सांगते. गंमत अशी की, आरंभी झळकणारे अवतरण मार्क ट्वेनच्या नावावर दिले आहे आणि ते त्याचे असल्याचा पुरावा नाही. न तपासलेल्या विश्वासाची कथा एका न तपासलेल्या नावाने सुरू होते.

परंतु खरा प्रश्न नैतिक आहे. बरीचे भाकीत खरे ठरले, पण त्याचे फळ इतरांच्या नुकसानीतूनच मिळणार होते. चित्रपटाला याची जाण आहे. नफ्याच्या आनंदात नाचू लागलेल्या दोन तरुणांना बेन रिकर्ट थांबवतो आणि लोकांची घरे, नोकऱ्या जातील याची आठवण देतो. फ्लोरिडातील एक भाडेकरू नियमित भाडे भरतो, मात्र घरमालकाचे हप्ते थकलेले असतात. हे कुटुंब अखेरीस गाडीत राहताना दिसते. तरीही कॅमेरा या कुटुंबाजवळ क्षणभरच थांबतो, कारण कथेचे नायकत्व आधीच मंदीवाल्यांना बहाल झालेले आहे.

या कथेत न आलेला एक द्रष्टा म्हणजे रघुराम राजन. ऑगस्ट २००५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ असताना, जॅक्सन होल येथील परिषदेत त्यांनी वित्तव्यवस्थेतील वाढत्या जोखमीचा उघड इशारा दिला. लॅरी समर्स यांच्यासारख्या मातब्बरांनी तो उडवून लावला. चार्ल्स फर्ग्युसन यांच्या ‘इनसाइड जॉब’ (२०१०) या माहितीपटात राजन भेटतात, पण माहितीपटाला ‘द बिग शॉर्ट’इतका प्रेक्षक कुठून मिळणार?

भाकीत करणारा सौदा करतो, इशारा देणारा अप्रिय होतो. लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली. हे अरिष्ट टाळता आले असते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये बहुमताने काढला. म्हणजे प्रश्न दूरदृष्टीच्या दुर्मिळतेचा नव्हता. जे दिसत होते ते ऐकून घेण्यात कोणाचा तोटा होता, याचा शोध इतिहासाने घ्यायला हवा. चित्रपट त्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडतो.